वेर्बीवकाची अठ्ठावन्न गुरं

तोदोस कोरित्कोला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे माणूस भोळा होता असं पुढे कुणी म्हणायला नको. विशहोरोदच्या टेकडीवर, नव्या धरणाला लागून जे नवं शहर उठत होतं, त्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. नळ घरात. संडास घरात; ही गोष्ट त्याची बायको ओनिसिया आल्यागेल्याला दोनदा सांगे, ऐकणाऱ्याला पहिल्यांदा पटत नसे म्हणून. गॅसची शेगडी. आणि एक बाल्कनी, जिच्यातून पुढेमागे पाणी दिसणार होतं. त्या पाण्याखाली त्यांचं स्वतःचं गाव असणार होतं, पण हे ओनिसिया सांगत नसे.

बदल्यात तोदोसने वेर्बीवका हे सबंध गाव कागदावर उतरवून द्यायचं होतं. तो सामूहिक शेतावर जनावरांची नोंदवही ठेवायचा. कोणती गाय कधी व्याली, कोणतं वासरू कशाने दगावलं, हे वीस वर्षं एकाही खाडाखोडीशिवाय लिहिलेला माणूस. म्हणून गाव बुडवायचं ठरलं तेव्हा तालुक्याने त्यालाच बोलावलं: घरं, विहिरी, झाडं, थडगी, सगळ्याची यादी कर, यादी पुरी आणि बिनतक्रार आली तर फ्लॅटच्या पहिल्या यादीत तुझं नाव. हे चौसष्ट सालच्या वसंतातलं. पुढच्या वसंतात नदीचा पूर धरणापाशी अडणार होता.

झाडांच्या मोजणीत गावाने त्याला यथास्थित बनवलं. फळझाडामागे भरपाई होती, तेव्हा रातोरात परसापरसांत चेरीच्या फांद्या खोचल्या गेल्या. तोदोस एकेका काठीपुढे उभा राहून गंभीरपणे टिपत गेला. "चेरी, एक. चेरी, दोन."

कुंपणापलीकडून म्हातारी हापका ओरडली, "तोदोसा, त्या तिसरीला जरा पान फुटू दे की रे! की खराट्याच्या दांड्यालाही चेरी लागतात तुझ्या वहीत?"

"माझ्या वहीत सगळ्याला सगळं लागतं, मावशी," तो म्हणाला.

गाव हसलं. तोही हसला. सरकारला दोन काठ्यांनी फसवलं की वेर्बीवकातला माणूस आठवडाभर ताठ चालायचा. आणि या काठ्या खपल्या, तेव्हाच तोदोसच्या डोक्यात आलं की कागदावर काहीही खपतं. त्याची सगळी अक्कलहुशारी इथून सुरू झाली.

अडचण होती ती थडग्यांची. नियम साधा होता. ज्या थडग्यावर नाव आहे आणि ज्याचा नातेवाईक अर्ज करतो, त्याला पेटीची लाकडं फुकट आणि टेकडीवरच्या नव्या दफनभूमीपर्यंत ट्रक. बाकीची सपाट करायची. "नाव नाही ते थडगं नाही," तालुक्याचा अधिकारी म्हणाला होता आणि त्याने पेन टोपणात घातलं होतं.

आता, वेर्बीवकाच्या दफनभूमीच्या मागे, कुरणाच्या टोकाला तीन वाळुंजांची झाडं होती आणि त्यांच्यामध्ये जमीन थोडी दबलेली होती. तिथे क्रूस नव्हता. तिथे गुरं चरायला नेत नसत. तिथे काय आहे हे गावात कुणी बोलत नसे, आणि कुणी विचारतही नसे, कारण विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं. ईस्टरनंतरच्या आठवड्यात सगळा गाव रंगवलेली अंडी, गोड पाव, थोडी दारू घेऊन आपापल्या मेलेल्यांच्या उशाशी जाऊन बसतो. जेवतो, एक घास त्यांना ठेवतो. हापका मात्र टोपली घेऊन दफनभूमी ओलांडून पुढे जायची. वाळुंजांखाली बसून एका काळ्या पावाचे तुकडे करायची आणि दबलेल्या जमिनीवर एकेक मांडायची. लोक म्हणायचे, म्हातारीचा एक स्क्रू ढिला आहे. असं म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही.

त्या वर्षी तोदोस तिच्यामागे गेला. यादीसाठी आकडा हवा होता.

"किती तुकडे करतेस, मावशी?"

"अठ्ठावन्न."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे?" हापकाने मान वर केली नाही. "माझा दानिलो गाडी हाकायचा तेव्हा. एका मढ्यामागे दोनशे ग्रॅम पाव मिळायचा त्याला. निम्मा तो खायचा, निम्मा मी. मोजल्याशिवाय राहीन होय? भुकेल्या माणसासारखा हिशेबनीस नाही, बाबा. तुझ्यासारखे छप्पन्न ओवाळून टाकावेत."

तोदोसने वही मिटली. सरकारने घराघरांतलं धान्य उचलून नेलं त्या तेहतीस साली तो नऊ वर्षांचा होता.

"तुझी मोत्रिया एकेचाळिसावी," हापका म्हणाली. "तूच आणून दिलीस गाडीपाशी, कडेवर. तिचा तुकडा एका बाजूने करपलेला होता. मी करपलेलं काढून नाही टाकलं. तेही खाल्लं." तिने एक तुकडा नीट सरळ केला. "हा तिचा. मी परत करतेय, जमेल तसं. पाखरं नेतात, पण ते माझ्या हातात नाही. तू काय लिहिणार वहीत?"

"माणसं लिहिली तर विचारतील, एका खड्ड्यात एवढी कशी. कशाने मेली."

"मग सांग."

"मावशी!"

"काय मावशी? सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही, असं आपलं गाव. पाणी येऊ दे एकदा. मग त्यालाही माहीत नसेल."

पाच वर्षांच्या बहिणीला तोदोसने एकदा कडेवरून खाली ठेवलं होतं. आता तिला पाण्याखाली ठेवायचं हे त्याला सहन होईना. पण तिच्यासाठी तिसरा मजला सोडावा, हेही त्याला सहन होईना. माणूस असा दोन्हीकडून अडला की देव आठवतो किंवा युक्ती सुचते. तोदोसला युक्ती सुचली.

"गुरं?" ओनिसिया किंचाळलीच. "तू आपल्या माणसांना गुरं लिहिणार?"

"हळू बोल आणि ऐक. माणसांची हाडं बुडवायला सरकारची हरकत नाही. गुरांच्या हाडांना आहे. रोगाने मेलेल्या जनावराची हाडं भिजली की रोग पाण्यात उतरतो, आणि हे पाणी पिणार कोण? राजधानी. गेल्या वर्षी खालच्या अंगाच्या गावात गुरांचा एक खड्डा निघाला. काय केलं त्यांनी? सगळा उपसला. ट्रकमध्ये पत्रा अंथरून हाडं टेकडीपलीकडे नेली, पुरली आणि वर कुंपण घातलं. कुंपण, ओनिसिया! आपल्या माणसाला कधी कुंपण मिळालंय?"

"आणि पाटी लावतील: गुरं."

"लावू देत. कोरड्यात राहतील. आपल्याला ठाऊक असेल, हापकाला ठाऊक असेल. पाटीला कोण विचारतंय?"

ओनिसियाने विचार केला. "आणि फ्लॅट?"

"फ्लॅटला धक्का नाही. उलट म्हणतील, किती बारकाईने यादी केली."

"मग लिही," ती म्हणाली. "पण मोत्रियाला गाय नको लिहूस. लहान होती ती."

म्हणून तोदोसने लिहिलं: गुरांचा खड्डा, कुरणाच्या टोकाला, सन १९३३. एकूण अठ्ठावन्न. मोठी सदतीस, वासरं एकवीस. कारणाचा रकाना त्याने कोरा ठेवला. वीस वर्षांत कोरा ठेवलेला हा पहिलाच रकाना.

जुलैमध्ये राजधानीहून आरोग्य खात्याचा डॉक्टर आला. सेवेरिन अर्काद्येविच. पांढरी टोपी, घामेजलेली मान, माणूस वाईट नव्हता. ओनिसियाने तिसऱ्या मजल्याचं सगळं दोनदा सांगत त्याच्यापुढे चेरी भरून उकडलेले वारेनिके ठेवले, वर आंबट साय. चेरी शेवटच्याच होत्या. पुढच्या आठवड्यात झाडं बुंध्यापासून तोडायची होती, आणि प्रत्येकाने आपली आपण.

"उत्तम," डॉक्टर खाता खाता म्हणाला. "यादीही उत्तम. फक्त हा रकाना राहिला. गुरं कशाने मेली?"

"जुनी गोष्ट, डॉक्टर."

"एकदम मेली?"

"नाही. हिवाळ्यापासून जूनपर्यंत. एकेक करून."

"ताप? नाकातोंडातून रक्त? अंगावर काळ्या पुळ्या?"

"नाही."

"मग?"

"सुजली होती," तोदोस म्हणाला. तोंडून निघून गेलं. "आधी पाय सुजायचे. मग तोंड. शेवटी शेवटी उठायची नाहीत, नुसती बघायची."

डॉक्टरचा काटा बशीवर टेकला. तो तोदोसच्याच वयाचा होता, एखाद्या वर्षाने मोठा. बोलण्यावरून खेड्यात वाढलेला वाटत होता. थोडा वेळ त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिथे कुणीतरी स्वतःच्या घराचं छप्पर उतरवत होतं.

"चारा होता का त्यांना?" त्याने हळू विचारलं.

तोदोसने सायीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"हे पाहा, कॉम्रेड कोरित्को. चारा नसेल तर तसं लिहा. 'उपासमार.' एक शब्द. उपासमार काही पाण्यातून पसरत नाही. मी सही करतो, मजूर येतील, हाडं उपसतील, वर कोरड्यात नेऊन पुरतील. तुम्हाला तेच हवं आहे ना?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर 'कारण अज्ञात.' अज्ञात म्हणजे नियमाप्रमाणे काळपुळी धरायची. काळपुळीच्या खड्ड्याला कुदळ लावता येत नाही, रोग मातीतून पुन्हा उठतो. वर चुना, चुन्यावर काँक्रीट. जिथल्या तिथे."

"खालच्या गावात तर उपसला..."

"तिथे गोठा जळाला होता. कागदावर कारण होतं."

तोदोसने पेन उचललं. एकच शब्द होता. पण सरकारी कागदांत तेहतीस हे साल भरभराटीचं होतं. त्या साली कुणी उपाशी नव्हतं, वासरूसुद्धा नाही. गावच्या पोस्टमनने एकोणपन्नास साली लग्नात पिऊन हा शब्द एकदा मोठ्याने म्हटला होता. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेले. त्याची सायकल पुढे चार वर्षं पोस्टाच्या भिंतीला टेकून होती; ना कुणी वापरली, ना कुणी हलवली. फ्लॅटची पहिली यादी सोमवारी लागणार होती.

दारात ओनिसिया दुसरी बशी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"डॉक्टर, आणखी घ्या ना," ती म्हणाली. "गार होतील."

तोदोसने लिहिलं: अज्ञात. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचं त्याला पुढे कित्येक वर्षं आश्चर्य वाटत राहिलं.

डॉक्टरने खाली सही केली. दुसरी बशी त्याने घेतली नाही. टोपी घालताना म्हणाला, "माझ्या हातानेही लिहिता आलं असतं मला. पण मलाही एक तिसरा मजला आहे, कॉम्रेड कोरित्को."

सप्टेंबरमध्ये वाळुंजं तोडली. आधी चुन्याचे ट्रक आले, तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, मग काँक्रीट. चार गाड्या. गावाच्या शाळेलाही एवढं काँक्रीट कधी लागलं नव्हतं. हापका ओल्या पृष्ठभागाच्या कडेला रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती. तोदोस जवळ आला तेव्हा तिने गुळगुळीत केलेल्या त्या थराकडे बोट दाखवलं.

"बघ रे तोदोसा. अखेर सरकारने आपल्या लोकांसाठी काहीतरी पक्कं बांधलं. आणि ते तू मिळवून दिलंस. शाबास."

"मी त्यांना वर नेणार होतो, मावशी."

"माहीत आहे. तूच तर नेहमी नेऊन ठेवतोस."

यानंतर तिने त्याला कधी हाक मारली नाही. बोलायची, पण नावाने नाही.

पाणी आलं. शहर झालं. अगदी शिक्कामोर्तबाने शहर झालं. सिनेमागृह, बसथांबा, दुधाच्या दुकानापुढे रांग, सगळं. ओनिसियाने नळ सोडला आणि तो पाच मिनिटं नुसता वाहू दिला. हापकाला त्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली मिळाली. ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती टोपली घेऊन उतारावरून पाण्यापर्यंत जायची आणि एकेक तुकडा टाकायची. तिसऱ्या मजल्यावरून तोदोस मोजायचा. बाल्कनी चांगली होती. सगळं स्पष्ट दिसायचं. खाली जावं असं त्याला दरवर्षी वाटे आणि दरवर्षी गुडघा दुखे. एकाहत्तर साली एकोणिसाव्या तुकड्यावर ती थांबली, बराच वेळ तशीच उभी राहिली आणि टोपली तिथेच ठेवून परतली. पुढच्या महिन्यात वारली. उरलेले एकोणचाळीस तुकडे कुणीतरी टाकायला हवे होते. संध्याकाळी तोदोस खाली गेला तोवर टोपली कुणी उचलून नेली होती.

मग जुनी राजवट कोसळली, देश बदलला आणि 'उपासमार' हा शब्द मोकळा झाला. आधी कुजबुजत, मग वर्तमानपत्रात, मग दगडी स्मारकांवर. तोदोस तोवर विधुर झाला होता. एकट्याने वारेनिके उकडायला शिकला होता, पण चेरी बाजारातून आणायचा.

दोन हजार आठच्या शरदात त्याच्या दारावर झोरियाना नावाची तरुण शिक्षिका आली. शहराचा इतिहास लिहिणं चाललं होतं; त्यात बुडालेल्या गावांचं एक प्रकरण होतं आणि प्रत्येक गावापुढे तेहतीस साली भुकेने मेलेल्यांची नावं द्यायची होती.

"आजोबा, वेर्बीवकाच्या मृत्यूनोंदी सापडत नाहीत," ती म्हणाली. "जळाल्या असतील किंवा जाळल्या असतील. एकच कागद मिळाला. त्यावर सही तुमची आहे, म्हणून आले."

तिने छायाप्रत टेबलावर ठेवली. तोदोसने चष्मा लावला नाही. लागत नव्हता.

"ती गुरं नव्हती, पोरी."

झोरियानाने वही उघडली. त्याने सगळं सांगितलं: गाडी, पाव, वाळुंजं, चुना. ती लिहीत होती, आणि मध्येच डोळेही पुसत होती. मुलगी चांगली होती.

"नावं आठवतात?"

"अकरा," तो म्हणाला. "बाकीची हापकाला ठाऊक होती. मोत्रिया लूकिव्हना कोरित्को, वय पाच, हे आधी लिही." त्याने अकराही सांगितली. सातव्या नावाशी तो अडखळला, वडिलांचं नाव आठवेना.

"आणि हे खरं असल्याचं सांगणारं दुसरं कुणी? कागद नसेल तर दोन साक्षी लागतात."

"हापका. एकाहत्तरात गेली."

झोरियानाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, रागावू नका. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आमचे संपादक हा कागद पाहून काय म्हणाले सांगू? म्हणाले, ज्या गावाने तेहतीस साली अठ्ठावन्न गुरं न खाता पुरली, त्या गावात भूक कसली होती? बाकीच्या गावांत लोकांनी जोड्यांचं कातडं उकळून खाल्लं. वेर्बीवकाचे लोक बहुधा सुखी होते, म्हणाले."

तोदोस हसला. फार वर्षांनी हसला असावा. ते हसणं खोकल्यासारखं निघालं. "माझी वही फार पक्की निघाली म्हणायची."

"आता तुम्ही उलट सांगितलंत, तर ते विचारतील: खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय? दोन्हीकडे सही तुमचीच."

"आणि तू काय सांगशील त्यांना?"

"मी भांडेन," झोरियाना म्हणाली. आणि भांडलीही.

भांडणाचं फळ म्हणून वसंतात आलेल्या पुस्तकात वेर्बीवकाला दीड पान मिळालं. घरं एकशे बारा. फळझाडं दोन हजार एकशे चाळीस. 'यावरून गावाच्या समृद्धीची कल्पना येते,' असं एक वाक्य. तळटीपेत बारीक अक्षरात: एका वृद्ध रहिवाशाच्या आठवणीनुसार गावात भूकबळी गेले असावेत, कागदोपत्री आधार नाही. नावं नाहीत. झोरियानाने पुस्तक स्वतः आणून दिलं आणि बसली नाही.

तोदोसने ते घेऊन बाल्कनीत खुर्ची टाकली. ईस्टरनंतरचा आठवडा होता. खालून लोक अंडी आणि पाव घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीकडे चालले होते. त्याने काळा पाव आणून ठेवला होता. यंदा गुडघ्याचं निमित्तही नको होतं. खाली उतरणं आता त्याला खरोखरच जमत नव्हतं. त्याने दीड पान दोनदा वाचलं. मग पावाचा एक तुकडा मोडला, कठड्यावर ठेवला आणि दुसरा मोडायला घेतला. पहिला तोवर कबुतराने नेला होता.

तेव्हा हिशेब असा. राजधानीला पाणी मिळालं, वीज मिळाली. विशहोरोदला शहरपण मिळालं आणि गुळगुळीत कागदावर इतिहास. ओनिसियाला शेगडी मिळाली, ती एकतीस वर्षं चालली. डॉक्टरचा तिसरा मजला डॉक्टरकडे राहिला असेल. चेरीच्या काठ्यांचीसुद्धा पुस्तकात झाडं झाली. हापकाने अठ्ठावन्नांचं देणं वर्षानुवर्षं फेडलं आणि शेवटी एकोणचाळीस तुकडे बाकी ठेवून गेली. तोदोसला बाल्कनी मिळाली. आणि या सगळ्याची किंमत ज्यांनी भरली, त्यांची नोंद एकाच कागदावर आहे, खाडाखोडीशिवाय, वळणदार अक्षरात: मोठी सदतीस, वासरं एकवीस.